रताळं कमी नको, पाणी कमी हवं

कोल्हापूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांना मधुमेह आहे आणि चहाबरोबर खारी-बटर खायची जुनी सवय. ती सुटावी म्हणून ताईंनी ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घेतला आणि घरीच रताळ्याची बिस्किटं करायला लागल्या. २०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम उकडलेलं रताळं, १०० ग्रॅम गूळ, ८० ग्रॅम तूप आणि चिमूटभर सोडा, एवढ्यात साधारण ३० बिस्किटं होतात. ती सगळ्यांना आवडली, आणि तिथून पंचाईत सुरू झाली. यजमान दोन्ही वेळच्या चहाला पाच-पाच बिस्किटं खातात, वर "रताळ्याचीच तर आहेत" म्हणतात. सासूबाईंना ती एकादशीला हवी आहेत. पुण्याची सून दीड वर्षाच्या नातवासाठी "साखर न घालता पाठवा" म्हणते. भिशीतल्या मैत्रिणी दिवाळीची ऑर्डर द्यायला तयार आहेत. बिस्किटं मात्र दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. एकदा तर आतून हिरवट निघाली म्हणून अख्खा घाणा टाकून द्यावा लागला. शेवटी रताळं निम्मं करून मैदा आणि साखर घातली तेव्हा ती छान खुसखुशीत झाली, पण तेव्हापासून ताईंना चैन नाही. त्या विचारतात, "मग ती रताळ्याची कसली? मी सगळ्यांना फसवतेय का? आणि खरी करायची म्हटली तर मऊच खायची का?"

ताई,

फसवणुकीचं आधी मिटवू. मैदा घातल्याचं घरात सांगितलं असेल तर फसवणूक नाही. सांगितलं नसेल तर आज संध्याकाळच्या चहाला सांगून टाका. मला खरी गफलत दिसते ती दुसरीकडे, आणि ती मैदा यायच्या आधीपासून आहे. तुमच्या घरात "रताळ्याची" म्हटलं की त्या बिस्किटाला सगळं माफ आहे.

तुम्ही प्रमाण कळवलंत हे फार बरं केलंत, त्यामुळे हिशेब मांडता येतो. २०० ग्रॅम कणकेतून १३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात, रताळ्यातून ४० आणि गुळातून ८५ तरी. म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या वर. ३० बिस्किटांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला साडेआठ ग्रॅम. पाच बिस्किटांत ४२ ग्रॅमच्या घरात कर्बोदकं, १६-१७ ग्रॅम गूळ आणि १३ ग्रॅम तूप. मध्यम आकाराच्या दोन पोळ्यांत कर्बोदकं साधारण एवढीच असतात. दोन वेळच्या चहाला मिळून झाल्या चार पोळ्या, आणि दुपारचं-रात्रीचं जेवण वेगळं. खारी सुटली हे खरं, पण तिची जागा कशानं भरली ते बघा. या सगळ्या हिशेबात रताळ्याचा वाटा सगळ्यात लहान आहे, आणि नाव मात्र त्याचं.

रताळं स्वतः वाईट नाही. सालासकट उकडलेलं, गार झालेलं, मोजकं रताळं मधुमेही माणसाच्या ताटात पोळी-भाताच्या बदल्यात बसू शकतं. पण तेच भाजलं किंवा ओव्हनमध्ये बराच वेळ ठेवलं की रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा जास्त चढवतं. निखाऱ्यावरचं रताळं इतकं गोड का लागतं? रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं. सावकाश गरम होताना ते पिष्टाचं माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करतं. वरून काही न घालता गोडी वाढते ती अशी. आणि गूळ? कोल्हापूरकरणीला गुळाबद्दल शिकवण्याचं धाडस मी करणार नाही, पण ग्लुकोमीटरला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही.

मग यजमानांचं काय करायचं? बिस्किटं बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण बंद केली की खारीची पिशवी पुन्हा घरात येणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. डबा टेबलावरून हलवा, बशीत दोन बिस्किटं आणि मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवा. त्यांच्या घाण्यात निम्मी कणीक काढून बेसन घाला आणि गूळ ४० ग्रॅमवर आणा. चव नानकटाईकडे झुकते आणि कुणी तक्रार करत नाही. घरात ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस दोन बिस्किटं खाण्याआधी आणि नंतर दोन तासांनी साखर मोजून आकडे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाच खाऊन मोजा. तो कागद पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांचं काय ते तेच ठरवतील. आणि मोजायचं काम त्यांना स्वतःला करू द्या. साखर त्यांची, जीभ त्यांची, आणि पथ्याची चिंता तेवढी तुमच्या ओटीजीवर, ही वाटणी मला काही पटत नाही.

पत्रात तुम्ही म्हणता की रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं म्हणून तुम्ही ते निवडलंत. ते खरं आहे, पण आतून केशरी असलेल्या रताळ्याबद्दल. २०१६ सालचा जागतिक अन्न पुरस्कार ज्या चौघांना मिळाला, त्यांतल्या तिघांचं काम आफ्रिकेत केशरी रताळं घरोघर पोचवण्याचं होतं, कारण तिथे अ जीवनसत्त्वाच्या अभावानं मुलांची दृष्टी जात होती. रवांडामध्ये तर त्या रताळ्याचा लगदा घालून बाजारात बिस्किटंही आली. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेनं 'भू सोना' हे केशरी वाण काढलं आहे. पण आषाढीला किंवा महाशिवरात्रीला मंडईत ढीग लागतात ते बहुतेक लाल-जांभळ्या सालीच्या आणि आतून पांढऱ्या रताळ्यांचे. त्यांत तंतू आहे, पोटॅशियम आहे, गोडी आहे. अ जीवनसत्त्व जवळपास नाही. ते हवं असेल तर गाजर किंवा लाल भोपळा सोपा.

आता खुसखुशीतपणाकडे वळू, कारण तुमचा सगळा पेच तिथेच उभा आहे. तुम्ही धरून चाललात की रताळं जास्त घातलं की बिस्किट मऊ पडणार आणि खुसखुशीत हवं तर रताळ्याला कात्री. मला ते मान्य नाही. बिस्किट मऊ पडतं ते पाण्यामुळे. रताळ्याच्या वजनात तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे तुमच्या २०० ग्रॅम लगद्याबरोबर दीडशे ग्रॅम पाणी पिठात गेलं, आणि पाण्यात उकडला असेल तर जास्तच. खुसखुशीत बिस्किटात शेवटी पाणी राहायला हवं जेमतेम चार-पाच टक्के. बाकीचं वीस मिनिटांत जाणार कुठून? वरचा पापुद्रा कडक होतो, ओल आत अडकते आणि रात्रभरात डब्यात सगळीकडे पसरते. सकाळी बिस्किट लवचीक झालेलं असतं.

त्यामुळे रताळी पाण्यात बुडवून उकडू नका. सालासकट कुकरमध्ये चाळणीवर ठेवून वाफवा. सोलून पुरणयंत्रातून काढा, म्हणजे दोरे वरच राहतात आणि लगदा एकसारखा होतो. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तो परतत बसा. उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं, खूण पुरणाचीच. वजनकाटा असेल तर त्याहून पक्कं: २०० ग्रॅमचा लगदा १३० ग्रॅमवर आला पाहिजे. या एका पायरीनं ७० ग्रॅम पाणी जातं आणि रताळं तसूभरही कमी होत नाही. लगदा पूर्ण गार होऊ द्या.

पुढचा क्रमही बदला. तुम्ही रताळं आणि गूळ एकत्र कालवून त्यात मावेल तशी कणीक घालता असं दिसतं. त्याऐवजी घट्ट तूप आधी कणकेला चोळा, मुटका वळला पाहिजे. पिठाच्या कणांवर तूप बसलं की ते पाणी कमी पितात आणि बिस्किट चिवट होत नाही. रताळं शेवटी घाला, जेवढ्यास तेवढं एकत्र करा, मळत राहू नका. पाण्याचा किंवा दुधाचा थेंबही नको. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चार मिलिमीटरपेक्षा जाड न लाटता कापा आणि काट्यानं भोकं पाडा. ती नक्षीसाठी नसतात, वाफेला वाट हवी म्हणून असतात.

गुळाचा इथेही एक दोष आहे. त्यात थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. साखर मात्र भाजताना विरघळते आणि गार होताना घट्ट होते, त्यातून कुरकुरीतपणा येतो. म्हणून तुमचा मैदा-साखरेचा घाणा जमला त्याचं श्रेय मैद्यापेक्षा साखरेला आणि कमी झालेल्या रताळ्याच्या पाण्याला द्या. ६० ग्रॅम पिठीसाखर आणि चवीपुरता २० ग्रॅम गूळ, हे प्रमाण करून बघा. मैदा लागणार नाही.

भाजणं दोन टप्प्यांत करा. आधी १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं, कडांना रंग येईपर्यंत. मग तापमान ११० अंशांपर्यंत उतरवून आणखी २५ मिनिटं. दुसरा टप्पा फक्त वाळवण्याचा. बेकरीतले टोस्ट दोनदा भाजतात तेही याचसाठी. नंतर ओटीजी बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि बिस्किटं आतच गार होऊ द्या. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका, काही दहा-वीस अंश पुढे असतात तर काही मागे. पहिल्या ट्रेजवळ उभं राहावंच लागतं. गरम बिस्किटं डब्यात कधीच भरायची नाहीत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये, कोल्हापूरच्या पावसात, डबा दहा मिनिटं उघडा राहिला तरी केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

याहून पक्का उपाय हवा असेल तर तो वाळवणाचा आहे. एप्रिल-मेमध्ये रताळ्याचे पातळ काप करून लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. मग एक वाफ देऊन कडकडीत उन्हात वाळवा आणि पीठ करून ठेवा. किलोभर रताळ्यातून पाव किलोच्या आसपास पीठ मिळतं. त्यातलं ६० ग्रॅम पीठ, १५० ग्रॅम कणीक, ८० ग्रॅम तूप, ७० ग्रॅम पिठीसाखर आणि गोळा होण्यापुरतं तीन-चार चमचे दूध, एवढ्यावर बिस्किटं करा. ६० ग्रॅम पीठ म्हणजे २४० ग्रॅम ताजं रताळं झालं. तुमच्या मूळ कृतीपेक्षा जास्तच, आणि तरी कुरकुरीत. तुमच्या प्रामाणिकपणाच्या प्रश्नाला मला तरी यापेक्षा चांगलं उत्तर सुचत नाही.

ओटीजी नसलेल्या वाचकांनीही हे करून बघायला हरकत नाही. पूर्वी दिवाळीच्या तोंडावर रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाईचे पत्र्याचे डबे भरून आणायचे, ही पद्धत आपल्याकडे बऱ्याच गावांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. ओळखीच्या बेकरीत घरून कापून नेलेली बिस्किटं भाजून देतात का ते विचारा. भट्टी निवत असताना शेवटी ट्रे ठेवला तर वाळवण्याचं काम ती आपोआप करते.

हिरव्या घाण्याबद्दल मला वाईट वाटलं, कारण तो बहुधा चांगला होता. रताळ्यात क्लोरोजेनिक आम्ल असतं. सोड्याशी गाठ पडली की ते पिठातल्या प्रथिनांबरोबर हिरवट रंग धरतं. सोडा नीट न मिसळता एका जागी राहिला तर तिथे हिरवा ठिपकाच उठतो. जांभळ्या गराच्या रताळ्याचं पीठ तर सोड्यानं निळसर होतं. यानं अपाय काही नाही. चार मिलिमीटरच्या बिस्किटाला सोडा लागतही नाही, काढूनच टाका. बुरशी ओळखायची खूण वेगळी आहे. ती ताज्या बिस्किटात आतून येत नाही, तीन-चार दिवसांनी ओलसर बिस्किटावर वरून लवदार चट्टा धरते आणि कुबट वास येतो. ते मात्र फेकायचंच.

रताळी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. सोंड्या किड्यानं पोखरलेलं, भोकांचं, चव घेतली तर कडू लागणारं रताळं वाईट भाग काढूनसुद्धा वापरू नका. कीड लागली की कंद स्वतःच्या बचावासाठी कडू, विषारी द्रव्यं तयार करतो आणि ती भोकापुरती राहत नाहीत. शिजवूनही जात नाहीत.

सासूबाईंचा प्रश्न तर अगदी रास्त आहे. रताळं चालतं, तूप चालतं, गूळ चालतो, अडतं ते कणकेपाशी. त्यांच्यासाठी राजगिऱ्याचं पीठ १५० ग्रॅम, शिंगाड्याचं ५० ग्रॅम, कढईत आटवलेलं रताळं, तूप, गूळ आणि वेलची. बेकिंग पावडर नको, तिच्यात बहुधा मक्याचं पीठ असतं. या पिठांना चिकटपणा नसतो, लाटायला गेलात तर तुकडे पडतील. हातानं पेढ्यासारखे गोळे करून चपटे करा. रताळंच त्यांना बांधून ठेवतं, त्यामुळे इथे थोडी ओल उपयोगीच पडते. बिस्किटं मऊसर होतील आणि दातांना बरी पडतील. रताळ्याचं पीठ गिरणीतून आणलं असेल तर त्यात आधीच्या दळणातली कणीक असणार, तेव्हा उपासापुरतं घरच्या मिक्सरवर करा. आणि शेवटचा शब्द त्यांचा. उपासाला काय चालतं हे घराघरांत वेगळं असतं, आणि त्यात तर्क चालवायला जाऊ नये. रताळं, बटाटा, मिरची, शेंगदाणा, राजगिरा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो, हे सगळे मूळचे अमेरिकेतले. तरी ते आपल्या एकादशीला बसले आणि दारातला गहू बाहेर राहिला.

नातवाला बिस्किट कशाला हवंय, हे सूनबाईंना एकदा प्रेमानं विचाराल का? दीड वर्षाच्या मुलाला वरून साखर नको हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याच न्यायानं गूळही नको. कडक, दोनदा भाजलेलं बिस्किट इतक्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. त्याला उकडलेलं रताळं बोटभर लांब फोडी करून हातात दिलं तर बिस्किटापेक्षा सरस. पण आजीच्या हातचा डबा पुण्याला जायला हवा ही ओढ मला कळते. त्यासाठी तुमची मूळ मऊ बिस्किटंच करा, गूळ आणि सोडा वगळून. ती फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. येणारं-जाणारं कुणी असेल तेव्हा द्या, कुरिअरनं पाठवू नका.

राहता राहिली भिशी. पैसे घेऊन विकणार असाल तर घरगुती असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करावी लागते. आणि डब्यावर "शुगर फ्री" कृपा करून लिहू नका. १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर असेल तर नियमानं तसं म्हणता येत नाही, आणि रताळ्यातच ती त्याच्या कितीतरी पट असते. "मधुमेहींसाठी" हे तर नकोच, ते तुम्ही आत्ताच घरात बघताय. काय-काय घातलं आहे ते जास्तीपासून कमीच्या क्रमानं लिहा: कणीक, तूप, साखर, रताळ्याचं पीठ, दूध. क्रमात रताळं चौथं आलं म्हणून संकोच नको. घेणाऱ्याला ते वाचता आलं की तुमच्याकडून चोख व्यवहार झाला.

टिकण्याची खात्री मात्र आधी करा. दिवाळीला महिनाभर असताना पिठाच्या कृतीचा एक घाणा काढा, मैत्रिणींना द्याल तसल्याच डब्यात भरा आणि दर दोन दिवसांनी एक मोडून बघा. तीन आठवड्यांनंतरही कट्टकन मोडलं तर ऑर्डर घ्या. आठवड्यात लवचीक झालं तर यंदा बिस्किटं घरापुरती ठेवा आणि भिशीत शंकरपाळे द्या.

तुमची,
सदरलेखिका